गोव्यात नव्याने राहायला आलात? पिण्याच्या पाण्याची सोय आधी लावा

भाड्याचं घर बघायला येणारी माणसं हॉल बघतात, परसातली माडांची रांग बघतात, मोबाइलला रेंज मिळते का ते बघतात. टाकीवर चढून झाकण उघडून कोणी बघत नाही. कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी किंवा पुण्याहून नोकरीनिमित्त इकडे आलेल्यांचा पाण्याबद्दलचा पहिला प्रश्न एकच असतो: आरओ कुठल्या कंपनीचा घ्यायचा? माझ्या मते तो प्रश्न शेवटचा आहे. गोव्यात शुद्धीकरण प्रकल्पातून निघणारं पाणी सहसा चांगलं असतं. ते बिघडतं तुमच्या दारापासून टाकीपर्यंतच्या शेवटच्या पन्नास पावलांत. विहीर असेल तर तिच्या आणि शौचखड्ड्याच्या मधल्या अंतरात. म्हणून यंत्राआधी ही पावलं चालून बघा.

पाणी येतं कुठून?

घरमालकाला, आणि त्याच्यापेक्षा शेजाऱ्यांना, तीन गोष्टी विचारा. नळ किती वाजता येतो आणि किती वेळ टिकतो? टाकीत फक्त नळाचं पाणी चढतं की विहिरीचं किंवा बोअरचंही? आणि एप्रिल-मे महिन्यांत काय करता? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला तर समजा, टँकर येतो.

नळाचं पाणी कुठल्या प्रकल्पाचं आहे तेही माहीत करून घ्या. फोंडा आणि तिसवाडीला मुख्यतः खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पाचं पाणी मिळतं, बार्देशला अस्नोड्याचं, पेडण्याला चांदेलचं, सत्तरीच्या बऱ्याच भागाला दाबोसचं. मडगाव-वास्कोसह दक्षिणेचा मोठा भाग सांगे तालुक्यातल्या साळावली धरणावर आहे. ही माहिती उपयोगी पडते ती जलवाहिनी फुटल्याची किंवा दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार असल्याची बातमी पेपरात येते तेव्हा. आपला नळ त्यात मोडतो का ते लगेच कळतं, आदल्या रात्री टाकी भरून ठेवता येते आणि पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर येणारं पहिलं गढूळ पाणी टाकीत जाऊ न देता झाडांना सोडता येतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये गोव्याला देशातलं पहिलं 'हर घर जल' प्रमाणित राज्य म्हणून जाहीर केलं गेलं. म्हणजे ग्रामीण भागातल्या घराघरात नळजोडणी पोचली. पण नळ पोचला म्हणजे पाणी चोवीस तास आलं असं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. पाणी काही तासच सोडलं जातं, तेव्हा उरलेल्या वेळात पाइपातला दाब जातो. पाइपाला कुठे चीर असेल आणि तो गटारातून किंवा साचलेल्या पाण्यातून जात असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. पंप थेट नळाच्या लाइनला लावला तर हे ओढणं आणखी वाढतं. तसं करायला परवानगी नसते, तरी लोक करतात. तुम्ही करू नका. त्याने शेजाऱ्याचं पाणी पळतं, आणि गटारातलं तुमच्याकडे येतं.

तेव्हा एक फेरी मारा. मीटरपासून सुरुवात करा आणि पाइप जिथे दिसतो तिथे त्याच्या मागे मागे जा. गटार ओलांडताना तो गटाराच्या वरून जातो की आतून? सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली आहे का? कोरड्या दिवसांतही ओली राहणारी जागा आहे का? मीटरच्या अलीकडची गळती खात्याने दुरुस्त करायची असते, पलीकडची घरमालकाने. पाणीपुरवठ्यासाठी आता वेगळं पेयजल खातं झालं असलं तरी लोकांच्या तोंडी अजून साबांखाच (सार्वजनिक बांधकाम खातं) आहे. तुमच्या भागातल्या कनिष्ठ अभियंत्याचं कार्यालय कुठे आहे ते विचारून ठेवा. तक्रार करताना पाण्याच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक द्यावा लागतो. भाडेकरूकडे तो बहुतेक वेळा नसतो. राहायला येण्याच्या दिवशीच बिलाचा फोटो काढून घ्या.

टाकी

टाकी बघायची ती दिवसा आणि स्वतः. झाकण नीट बसतं का, त्याला चीर आहे का, ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला जाळी आहे का, एवढं बघा. जाळी नसेल तर त्या वाटेने पाल, झुरळ, बेडकाचं पिल्लू सगळं आत जातं, आणि डासांना अंडी घालायला उघडं दारच मिळतं. जंगलाजवळच्या गावांत माकडं झाकण उचलतात. तिथे झाकणावर दगड ठेवून भागत नाही, तारेने बांधावं लागतं. सिमेंटचा जमिनीखालचा संप असेल तर त्याचं तोंड अंगणापेक्षा वर उचललेलं आहे ना ते बघा. अंगणाच्या पातळीला असेल तर जुलैत अंगणातलं पाणी त्यातच उतरणार.

मग टाकी धुवायची. ती 'गेल्या महिन्यातच धुतली' असं सांगितलं गेलं तरी. तळाशी दोन बोटं पाणी ठेवून बाकीचं सोडून द्या. उरलेल्या पाण्यात नायलॉनच्या ब्रशने भिंती आणि तळ घासा, तो गाळ उपसून बाहेर काढा, एकदा साध्या पाण्याने खळखळून घ्या. साबण लावू नका, त्याचा वास आठवडाभर जात नाही. नंतर टाकी पूर्ण भरा आणि हजार लिटरला २०० ग्रॅम या हिशेबाने ब्लीचिंग पावडर घाला. पावडर थेट टाकायची नाही. आधी प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. घरातले सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करा, म्हणजे पाइपही धुतले जातात. रात्रभर तसंच ठेवा. हे पाणी पिण्याचं नाही, स्वयंपाकाचंही नाही. घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या नळाला कापड बांधा. सकाळी सगळं सोडून द्या, पण विहिरीत किंवा माशांच्या तळीत नको. एकदा भरून रिकामी करा, मग वापरायला घ्या.

ब्लीचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचं अॅसिड चुकूनही मिसळू नका. त्यातून निघणारा वायू फुप्फुसं जाळतो. बंद संपात उतरून हे काम करायचं असेल तर झाकण बराच वेळ उघडं ठेवा, एक माणूस बाहेर उभा ठेवा, आणि नाही तर माहितगार माणसालाच बोलवा.

विहीर असेल तर

जुन्या घरांच्या परसात बांय, म्हणजे विहीर, असतेच, आणि पुष्कळ वाड्यांवर एक सामायिक विहीरही असते. त्या पाण्याची चव नळाला नाही असं म्हणणारे तुम्हाला हमखास भेटतील. चवीपुरतं ते खरंही असेल.

गोव्याची बरीचशी जमीन जांभ्या दगडाची. चिऱ्याचा तुकडा हातात घेऊन बघा, त्याला आरपार भोकं असतात. पावसाचं पाणी भराभर मुरतं, विहिरी जूनमध्येच वर येतात, हा त्याचा फायदा. पण ज्या वाटेने पाऊस मुरतो त्याच वाटेने शौचखड्ड्याचं पाणीही जातं, आणि माती जशी गाळते तसा हा दगड गाळत नाही. गावांत आणि बऱ्याच शहरी भागांतही भुयारी गटार नाही, प्रत्येक घराची सेप्टिक टँक आणि तिच्यापुढचा शोषखड्डा आहे. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा. जांभ्यात मी तर त्याहून जास्तच धरीन. पावलांनी मोजा: साधारण पंचवीस पावलं. मोजताना फक्त आपला खड्डा धरू नका, कुंपणापलीकडचा शेजाऱ्याचाही धरा. आणि उताराकडे बघा. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर अंतर पुरेसं असूनही मला भरवसा वाटणार नाही.

विहिरीचा कठडा उंच हवा, भोवती सिमेंटचा ओटा हवा आणि ओट्यावरचं पाणी बाहेर वाहून जाईल असा उतार हवा. कपडे आणि भांडी त्या ओट्यावर धुवायची नाहीत. उपशाची बादली आणि दोर जमिनीवर टाकायचे नाहीत. वर जाळी असावी, नाही तर आंब्याची पानं पडून पाणी कुजतं. विहिरीत छोटे मासे दिसले तर दचकू नका. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याची माणसं गप्पी मासे सोडतात. मासे जगताहेत म्हणून पाणी प्यायला चांगलं, असं मात्र नाही.

चवथीला अनेक घरांत गणपती विहिरीतच पोचवतात. नव्या माणसाने त्यावर व्याख्यान देऊ नये. पण मूर्ती चिकणमातीची आणि बिनरंगी असेल आणि विहीर पिण्याची नसेल असं ठरवायला बहुतेक घरं तयार होतात. पिण्याचीच विहीर असेल तर निर्माल्य वर काढून गढूळपणा बसेपर्यंत पिण्यासाठी दुसरं पाणी वापरा, आणि मग खाली दिल्याप्रमाणे क्लोरीन घाला.

पाण्यात लोह आहे का हे घरच्या घरी कळतं. बिनदुधाचा कोरा चहा गार करा आणि त्यात विहिरीचं पाणी घाला. शाईसारखी काळसर-निळी झाक आली तर लोह आहे. बादलीच्या कडेला तांबूस थर, पांढऱ्या कपड्यांवर पिवळे डाग, ही त्याचीच लक्षणं. हे पाणी तब्येतीला लगेच घातक नसतं, पण फिल्टर भराभर तुंबतात. उपाय साधा आहे. एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून चार-पाच वेळा ओता, रात्रभर झाकून ठेवा, तळाशी तांबडा साका बसेल, वरचं निवळ पाणी अलगद काढून घ्या. जांभ्यातलं पाणी बऱ्याचदा किंचित आम्लधर्मीही असतं. जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप लवकर का सडतात याचं उत्तर त्यातच आहे. समुद्रकाठी आणि खाजनांजवळ (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनींजवळ) मात्र वेगळीच अडचण: मे महिन्यात पाण्याला खारट चव येते. तेव्हा उपसा वाढवू नका. जितकं जास्त उपसाल तितकं खारं पाणी आत येतं.

आता क्लोरीनचा हिशेब. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागा. आलेल्या उत्तराला हजाराने गुणलं की लिटर. समजा व्यास २ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल आहे. म्हणजे साडेबारा हजार लिटर. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला २.५ ग्रॅम लागते, म्हणजे इथे साधारण ३० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. बादलीत कालवा, साका खाली राहू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडा आणि पाण्याखाली वर-खाली हलवा. निदान एक तास कोणी पाणी काढायचं नाही. हे संध्याकाळी उशिरा केलं तर सकाळपर्यंत निवांत वेळ मिळतो. गप्पी मासे असतील तर आधी काढून ठेवा. पावडर ताजी आणि घट्ट बंद डब्यातली घ्या. आपल्या दमट हवेत उघडी राहिलेली पिशवी महिन्याभरात नुसता चुना होते.

एक तासानंतर उरलेला क्लोरीन मोजायला ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब किंवा क्लोरीनच्या पट्ट्या मिळतात. ओटी घातल्यावर पाणी फिकट पिवळं झालं पाहिजे. विहिरीत लिटरला ०.५ मिलिग्रॅम उरला तर उत्तम. नळाला मानकाप्रमाणे किमान ०.२ असायला हवा. रंगच आला नाही तर पावडर कमी पडली, पुन्हा घाला.

तपासणी: डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

काचेसारखं स्वच्छ पाणीही कावीळ देऊ शकतं. प्राथमिक अंदाजासाठी एच-टू-एसची बाटली, म्हणजे मैल्यातले जंतू असतील तर पाणी काळं करणारी तपासणीची बाटली, वापरा. त्यात खुणेपर्यंत पाणी भरून खोलीच्या उबेत २४ ते ४८ तास ठेवायचं. पाणी काळं पडलं तर मैल्याचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी, ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संचावर पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. पंचायतीत विचारा, तुमच्या वाड्यावरच त्यातली एखादी राहत असेल.

पक्की तपासणी सरकारी पाणी-प्रयोगशाळेत. जंतूंच्या तपासणीची बाटली त्यांच्याकडूनच आणा. ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरीन मारणारं रसायन आधीच घातलेलं असतं, म्हणून ती धुवायची नाही. नळाचं तोंड पुसा, मेणबत्तीने किंवा लायटरने शेकवा (प्लास्टिकचा नळ असेल तर स्पिरिटने पुसा), दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बाटली भरा. वरती थोडी जागा सोडा. झाकणाच्या आत बोट लागता कामा नये. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. दोन बाटल्या घ्या, एक मीटरजवळच्या नळाची आणि एक टाकीनंतरच्या नळाची. पहिली चांगली आणि दुसरी खराब निघाली तर दोष तुमच्या टाकीत आहे, खात्याशी भांडायला जाऊ नका.

अहवाल आला की पहिल्यांदा ई-कोलायची, म्हणजे मैल्यातून येणाऱ्या जंतूची, ओळ बघा. १०० मिलिलिटरमध्ये तो अजिबात नसावा, इथे 'थोडासा चालतो' असं काही नाही. मग पीएच ६.५ ते ८.५, गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणाचं माप), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघालं तर शौचखड्डा, गोठा किंवा खत यांपैकी काहीतरी जवळ आहे. नायट्रेट उकळून जात नाही, उलट आटून वाढतं, आणि बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते धोक्याचं असतं.

पेट्रोल-डिझेलचा वास किंवा तेलाचा तवंग दिसला तर चाचणीचीही वाट बघू नका. २०२४ मध्ये मातवे-दाबोळीच्या विहिरींत इंधन उतरलं होतं. अशा वेळी उपसा बंद, पंपाचा स्विचही नको, जवळ काडी ओढायची नाही, आणि पंचायत व अग्निशमन दलाला कळवायचं.

मग यंत्र

आता तुमच्या दारात तो विक्रेता येईल. दोन ग्लास मांडेल, एकात तुमचं पाणी, एकात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत वायरी जोडलेल्या सळ्या घालून करंट देईल. मिनिटभरात तुमचं पाणी तपकिरी होतं, वर घाणेरडा फेस येतो, त्याचं तसंच राहतं. घरातली सगळी माणसं ग्लासकडे बघत गप्प होतात. ती घाण पाण्यातली नसते. सळी लोखंडाची असते, पाण्यातल्या क्षारांतून वीज वाहते आणि लोखंड विरघळून गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, गंज होत नाही. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ घालायला सांगा आणि पुन्हा सळ्या घालायला लावा.

खिशातला टीडीएस मीटरही असाच. तो विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. गटाराचं पाणी मिसळलेला नळ त्यावर झकास आकडा दाखवू शकतो. गोव्यातलं नळाचं आणि जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी मुळातच हलकं आहे. अशा पाण्याला आरओ लावणं म्हणजे एक लिटरसाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडणं, तेही मे महिन्यात टँकर मागवत. टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालावी असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्राला दिले होते. समुद्रकाठची खारी विहीर हेच तुमचं एकमेव पाणी असेल तर आरओ घ्या, नाही तर गरज नाही.

नळाच्या स्वच्छ पाण्याला यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र) पुरतो, पण पाणी गढूळ किंवा लोहाचं असेल तर किरणं आरपार जात नाहीत, म्हणून आधी गाळणी हवी. पावसात वीज जाते तेव्हा यूव्ही बंद. यूएफ (अतिबारीक छिद्रांची गाळणी) विजेशिवाय चालतो आणि जंतू अडवतो, विषाणू सगळे अडवीलच असं नाही. भाड्याच्या घरात सगळ्यात भरवशाची गोष्ट अजूनही गॅस: पाणी खळखळून उकळी येऊ द्यायची, उकळी मिनिटभर टिकवायची, पाणी झाकून गार करायचं आणि त्याच भांड्यातून ओतून घ्यायची. त्यात तांब्या बुडवायचा नाही.

टँकर

गोव्यात भूजल नियमनाचा २००२ चा कायदा आहे. विहिरींची नोंदणी आणि टँकरने भूजल वाहून नेणं त्याच्या कक्षेत येतं. तेव्हा पाणी कुठून भरलं हे टँकरवाल्याला विचारायला संकोच करू नका. बांधकामाचं पाणी नेणारा टँकरच पिण्याचं पाणी आणतो का तेही विचारा. पाइपाचं तोंड अंगणात लोळत असेल तर आधी धुवायला लावा. टँकरचं पाणी संपात उतरलं की वरच्याच प्रमाणात, हजार लिटरला २.५ ग्रॅम, ब्लीचिंग पावडर कालवून वरचं निवळ पाणी घाला, तासभर थांबा, ओटीने बघा. एवढं करूनही पिण्यासाठी उकळाच. छोट्या सोसायटीत हे काम 'सगळ्यांचं' ठेवलं की कोणीच करत नाही. एकाच्या नावावर द्या आणि संपाच्या झाकणाजवळ वही लटकवा: तारीख, टँकर, पावडर किती, ओटीचा रंग.

वाड्यावर कोणी आजारी पडलं तर

पावसाच्या सुरुवातीला एखाद्याला जुलाब होणं नेहमीचं. पण एकाच वाड्यावरच्या दोन-तीन घरांत एकाच आठवड्यात जुलाब, उलट्या किंवा कावीळ दिसली तर पाण्याचाच संशय धरा. आजारी माणसाला जलसंजीवनी सुरू करा. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. गरोदर बाईला कावीळ झाली तर घरगुती औषधात एक दिवसही घालवू नका, ई प्रकारची कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा, कारण त्यांची माणसं येऊन नमुने घेतात आणि पाइपलाइनवाल्यांना तेच हलवू शकतात. त्यांच्या येण्याआधी विहिरीत पावडर घालू नका, नमुना बिघडतो. आधी बाटली भरू द्या, मग क्लोरीन, आणि अहवाल येईपर्यंत सगळ्या घरांत उकळलेलं पाणी. पुढच्या ग्रामसभेला तो अहवाल घेऊन जा आणि त्याची प्रत सचिवाकडून पोच घेऊनच द्या.